समोरची तार

टाळ्या थांबल्या तरी त्याचे हात वाजतच राहिले. सगळ्यांचे हात खाली गेले होते, कुणी खुर्ची मागे सरकवली होती, कुणी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होतं, आणि त्या मधल्या शांततेत त्याच्या एकट्याच्या तीन टाळ्या वाजल्या. मग तो ओशाळून थांबला. संचालकांनी त्याच्याकडे बघून कौतुकाने मान डोलावली. काय मोठ्या मनाचा माणूस आहे, असं त्यांना वाटलं असावं. वाटो बापडं. मोठं मन वगैरे काही नव्हतं, त्याचं लक्षच नव्हतं. लक्ष होतं पडद्यावरच्या रेघेकडे. रेघ बराच वेळ सपाट येत होती, मग एका जागी घसरगुंडीसारखी खाली उतरत होती, आणि त्या उताराच्या बरोबर मध्यावर एक लाल ठिपका होता. शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी व्होल्ट. बाहेर कॉरिडॉरमधल्या पांढऱ्या फळ्यावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, चौदा वर्षांपासून शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी असं लिहिलेलं होतं. ते अक्षर त्याचं होतं. तो कोपरा पुसायचा नाही हे सफाईवालीलासुद्धा ठाऊक होतं. शाई फिकी पडली की वर्षातून एकदा, कुणी आसपास नाही असं बघून, तो स्वतःच तो आकडा गिरवायचा.

प्रयोगशाळेत त्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवणं हे त्याचं काम नव्हतं, पण दुसऱ्याच्या हातातली पिपेट काढून घेऊन ‘अशी नाही, अशी’ हे दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, त्यावरून पडलेलं नाव. काम होतं लोखंडाचं. फ्युएल सेल नावाच्या डबीत एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि बाहेर काढायची वीज आणि पाणी. धूर नाही, राख नाही. फक्त ऑक्सिजन मोठा आळशी; त्याला हलवायला प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनम जगात मूठभर. ते काम लोखंडाकडून करून घ्यायचं, असा चंग त्याने उमेदीच्या वयात बांधला होता. लोखंडाचा क्षार, नायट्रोजन असलेली एक पांढरी भुकटी आणि कोळसा एकत्र दळायचं, नऊशे अंशांच्या भट्टीत भाजायचं, आणि निघालेली काळी पावडर थेंबभर द्रावणात कालवून एका बारीक चकतीवर लावायची. चकती आम्लात बुडवून गरागरा फिरवायची आणि बघायचं, पावडर काम करते की नाही. एवढंच. या एवढ्यात त्याचे केस गेले, नजर अधू झाली, आणि एक आकडा हाती लागला. चौऱ्याऐंशी. त्या आकड्याने त्याला परदेशातली बोलावणी मिळाली, ही खोली मिळाली, खिडकीजवळचं टेबल मिळालं. नंतर तो आकडा पुन्हा कधीच आला नाही, ही गोष्ट मात्र घरातल्या आजारपणासारखी होती. सगळ्यांना माहीत, पण विचारायचं कुणी नाही.

आणि आता सत्त्याऐंशी. कुणाचे, तर धांदलचे! हे नावही त्यानेच ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी ती त्याच्या हाताखाली काम शिकायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने दोन चंचुपात्रं फोडली होती आणि ऑक्सिजनच्या नळीऐवजी नायट्रोजनची नळी जोडून दिवसभर ‘सर, काहीच होत नाहीये’ म्हणत बसली होती. ‘धांदल आहेस नुसती,’ तो म्हणाला होता, आणि सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि नाव चिकटलं. दोन वर्षं तिने त्याच्या आकड्यासाठी घालवली. तीच पावडर, तीच भट्टी, तेच आम्ल. त्र्याहत्तर यायचे. पंच्याहत्तर यायचे. एकदा शहात्तर आले तर तिने सगळ्यांना चॉकलेटं वाटली होती, आणि तिसऱ्या दिवशी तीच पावडर सत्तरवर उतरली. तो म्हणायचा, ‘मुरू दे.’ हा त्याचा लाडका शब्द. नवी पावडर लगेच मोजायची नाही. तीन दिवस त्या भांड्यात चालू ठेवायची, मुरू द्यायची, मग आकडा चढतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या वेळी चढला होता. त्यावर त्याने एक लेखही लिहिला होता, आणि तीन दिवस मुरवण्याचा रिवाज त्या मजल्यावर असा पडला होता की लोक लांबलेल्या सुट्टीलाही ‘मुरतोय’ म्हणत. धांदलची पावडर मुरायची नाही, मरायची. दोन वर्षांनी तो तिला म्हणाला होता, ‘हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. डोकं आहे तुला. पण हात नाही.’ तिने चष्मा काढून पुसला होता आणि पुढच्या महिन्यात पलीकडच्या खोलीतल्या गटात गेली होती.

कॉरिडॉरमध्ये भट्टीवाल्याने त्याला गाठलंच. भट्टी सांभाळता सांभाळता सगळ्या मजल्याची फिरकी घेणं हा त्याचा जोडधंदा होता. ‘काय मास्तर, फडकं आणू का?’ तो फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला. ‘की तुम्हीच पुसताय?’ ‘पुसू की,’ तो म्हणाला, ‘आपलीच पोरगी आहे.’ हे इतकं सहज बोलला की त्याला स्वतःचाच धाक वाटला. आपलीच पोरगी. पोटात मात्र काहीतरी उभं राहिलं होतं, छातीच्या खाली, चुकीच्या नळीत गेलेल्या घोटासारखं. जळणं हा शब्द लोक किती वरवर वापरतात, त्याला वाटलं. हे काही जळत नव्हतं. हे गार होतं. तिचा आकडा मोठा म्हणून नव्हे. मोठा कधीतरी कुणाचा येणारच. पण तिच्या हाताने? त्या हाताने, ज्याची बोटं झाकण लावताना थरथरायची? शिवाय तिने सांगितलं होतं, माइकवर, हसत, ‘आणि सर म्हणतात तशी ही पावडर खरंच मुरते. पहिल्या दिवशी ब्याऐंशी, नवव्या दिवशी सत्त्याऐंशी.’ लोक हसले होते. तिने त्याच्याकडे बघितलं होतं, मान किंचित वाकवून. ही कृतज्ञताच त्याला सर्वांत जास्त लागली. वैर असतं तर परवडलं असतं.

संचालकांनी त्याला आत बोलावून लेख हातात दिला. तिथली पद्धत अशी होती की कुठलाही लेख बाहेर पाठवण्याआधी दुसऱ्या गटातल्या एका ज्येष्ठाने तो वाचायचा आणि शेवटच्या पानावर ‘वाचला, हरकत नाही’ असं लिहून सही करायची. ‘उद्या बाराला पाठवायचाय,’ संचालक म्हणाले. ‘तुमच्याशिवाय कुणाची सही शोभणार? तुमच्याच आकड्याची ही धाकटी बहीण.’ तो हसला. लेख घेऊन खोलीत आला, दार लावलं, पेन्सिलीला टोक केलं आणि चूक शोधायला बसला. हे कबूल करायला हवं की तो वाचायला बसलाच नव्हता. टिपा तपासल्या, बेरजा तपासल्या, तापमानं ताडून पाहिली. काही नाही. स्वच्छ काम. इतकं नीटनेटकं की त्यात त्याला ठिकठिकाणी स्वतःच्याच सवयी दिसल्या: तारीख आधी, मग वेळ, मग खोलीचं तापमान. दुपार झाली. तो उठला आणि पलीकडच्या खोलीत गेला.

तिथे कुणी नव्हतं. जेवायच्या सुट्टीची वेळ, खुर्चीवर तिचा अंगरखा, चष्म्याची उघडी डबी. टेबलाच्या टोकाला ते भांडं होतं, पाच तोंडांचं, जाड काचेचं, आणि त्याच्या मानेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. चिकटपट्टीवरचं अक्षर त्याचं होतं. हे त्याचंच जुनं भांडं. नवं यंत्र आलं तेव्हा माळ्यावरच्या कपाटात टाकलेलं. त्याला क्षणभर बरं वाटलं, मग राग आला, मग त्याने वाकून आत पाहिलं. मधल्या तोंडातून चकतीची दांडी उतरली होती, एका बाजूला ऑक्सिजनची नळी, आणि समोरच्या तोंडातून बारीक गुंडाळी केलेली एक तार आम्लात लोंबत होती. पांढरट, चकचकीत. तो वाकलेलाच राहिला.

वीज म्हटली की तिला जायला एक वाट लागते आणि यायला एक. चकतीच्या समोर दुसरं काहीतरी उभं करावं लागतं, आणि ते काय असावं यावर त्याच्या धंद्यातल्या माणसांनी मध्यंतरी बराच शिमगा केला होता. प्लॅटिनमची तार समोर ठेवली तर ती आम्लात कणाकणाने झिजते, न दिसणारे ते कण पोहत पोहत चकतीवर जाऊन बसतात, आणि मग घाम गाळतं प्लॅटिनम आणि पाठ थोपटली जाते लोखंडाची. आकडा वाढतो. जितके जास्त दिवस ठेवाल तितका वाढतो. म्हणून आता सगळे समोर ग्रॅफाइटची कांडी ठेवतात. लोखंडावर काम करणाऱ्याच्या भांड्यात प्लॅटिनमची तार म्हणजे सोवळ्यात चप्पल. हे तिला माहीत नाही असं शक्य नव्हतं. त्यानेच शिकवलं होतं. आणि त्याला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी ती त्याच्या दारात उभी राहिली होती. ‘सर, ग्रॅफाइटच्या कांड्या आहेत का? आमची शेवटची मोडली. नवीन यायला दीड महिना लागेल म्हणतायत.’ त्याच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात चार कांड्यांचा डबा होता. ‘संपल्यात गं,’ तो म्हणाला होता. कप्प्याकडे न बघता. तेव्हा त्याने त्याला मत्सर म्हटलं नव्हतं. तेव्हा तो म्हणाला होता स्वतःशी, ही मोडणार.

‘सर?’ ती मागे उभी होती, ओले हात अंगरख्याला पुसत. ‘काही शंका आहे का?’

तो सरळ झाला. गुडघा वाजला. ‘नाही,’ तो म्हणाला, ‘माझं भांडं दिसलं, म्हणून.’

‘हो, माळ्यावर सापडलं. म्हटलं, लकी आहे.’ ती हसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, नऊ दिवसांचं. ‘सही कराल ना सर? घाई नाही. म्हणजे... आहे.’

‘उद्या सकाळी देतो,’ तो म्हणाला, आणि खोलीबाहेर पडताना त्याला इतका आनंद झाला की भिंतीला हात लावावा लागला. त्या आनंदाचं वर्णन सभ्य माणसाने करू नये. तो फळ्यापाशी थांबला, आपल्या आकड्याकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी जागच्या जागी होते. उद्या सही करायची. वाचला, हरकत नाही. लेख जाईल, छापून येईल, चार महिने वाहवा होईल, आणि मग कुठल्यातरी देशातला कुणीतरी खवट माणूस लिहून विचारेल, आपण समोर काय ठेवलं होतं? आपण काहीच करायचं नाही. फक्त सांगायचं नाही.

फक्त सांगायचं नाही. हे त्याने आधीही केलं होतं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि दादा अकराचा. वडिलांनी दोघांना दुधाच्या पावडरीचे दोन रिकामे डबे दिले होते आणि टोमॅटोचं एकेक रोप. खिडकीत ठेवायचे, आपापलं पाणी आपण घालायचं. दादाचं रोप भराभर वाढलं. येणारा-जाणारा दादाचं रोप बघायचा, आई ‘याचा हात चांगला आहे हो’ म्हणायची. एके दिवशी पाणी घालताना त्याच्या लक्षात आलं की वडिलांनी त्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलीत, दादाच्या डब्याला पाडायची राहिलीत. दादा रोज दोनदा पाणी घालायचा, प्रेमाने, आणि डब्यातलं पाणी कुठेच जात नव्हतं. त्याने डबा उचलून पाहिला होता. जड लागला होता. त्याने तो होता तसा ठेवला. दहा-बारा दिवसांनी पानं पिवळी पडली, मग खोड तळाशी काळं झालं, आणि दादा त्याला आणखी पाणी घालत राहिला. दादा रडला तेव्हा तो त्याच्या शेजारी बसून त्याची पाठ चोळत होता. दादा अजून दर रविवारी फोन करतो. ‘काय रे, जेवलास का?’ हा पहिला प्रश्न. दादाला माहीत नाही. एवढ्या वर्षांत त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगायची ठरवली होती की आता ती सांगूनच टाकलीय असं त्याला अधूनमधून वाटायचं.

घरी बायको चष्म्याच्या दुकानातून येऊन भाजी निवडत बसली होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची, ‘आता बरं दिसतं की मघाशी?’ विचारायचं, यामुळे तिला माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय लागली होती. ‘काय झालं?’ ती म्हणाली.

‘काही नाही. धांदलचा आकडा आला. सत्त्याऐंशी.’

‘अगोबाई!’ तिने सुरी खाली ठेवली. ‘मग तोंड का असं? केवढी खूश झाली असेल ती. मागे चष्मा दुरुस्तीला आली होती तेव्हा तुमचंच चाललं होतं, सर असे, सर तसे. मी म्हटलं, अगं बाई, घरी नेऊन ठेव.’

‘चांगलं आहे की,’ तो म्हणाला.

‘तुमचा आला होता तेव्हा आठवतं? मला कामावरून उचलून थेट तिकडे नेलंत. मी आपली चपला काढू का विचारतेय.’ ती हसायला लागली. ‘आणि ते भांडं दाखवलंत, असं जसं काही तान्हं मूल. मला काय कळणार त्यातलं? मला ती तार तेवढी आवडली. मी म्हटलं, ही काय चांदीची? तुम्ही म्हणालात, प्लॅटिनम आहे. मी म्हटलं, अहो, मग ती तिथे बुडवून काय ठेवलीय, माझ्या कानातलं होईल त्यात.’

तो पाण्याचा पेला हातात धरून उभा होता. बायको पुढेही काही बोलत होती. तिला ती तार आठवत होती, बोटांवर गुंडाळून दाखवत होती, अशी, स्प्रिंगसारखी. त्याने पेला ओट्यावर ठेवला, तो कडेला टेकला, घसरला, तिने पकडला. ‘अहो!’ ती म्हणाली.

त्याला त्या दिवसांतली वही आठवत होती. वही नंबर चार. पहिला दिवस शहात्तर. दुसरा एकोणऐंशी. चौथ्या दिवशी चौऱ्याऐंशी, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं आणि ‘मुरते!’ तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा सगळेच तार वापरायचे. दोन वर्षांनी नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर ग्रॅफाइटच्या कांड्या आल्या, भांडं माळ्यावर गेलं, आणि पावडर मुरायची बंद झाली. त्याने पाण्याला दोष दिला. सिलिंडर बदलले. भट्टीची वीट बदलून घेतली, भट्टीवाल्याशी अबोला धरला. मग जगभर ओरड झाली, तारा बदला, तारा बदला, ते सगळं त्याने वाचलं, माना डोलावल्या, मुलांना समजावून सांगितलं. वही नंबर चार मात्र उघडली नाही. कधीच. इतका काटेकोर माणूस, आणि बारा वर्षांत त्याला एकदाही वाटलं नाही की बघावं. की वाटलं होतं? कप्पा ओढताना हात थबकायचा तो का? आणि दोन वर्षं एक मुलगी त्याच्यासमोर येऊन त्र्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर म्हणत राहिली. ग्रॅफाइट समोर ठेवून, थरथरत्या बोटांनी, अगदी बरोबर मोजत राहिली. त्याने तिला सांगितलं, हात नाही.

‘बसा आधी,’ बायको म्हणाली. ‘कोणाचं काय चुकलंय? तिचं?’

‘हो,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘माझं.’

‘दोघांचं सारखंच?’

तिला सवयच होती असं विचारायची. हे की ते, आता की मघाशी. त्याने बराच विचार केला. ‘सारखं नाही,’ तो म्हणाला. ‘तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हे तिचं चुकलं.’

झोप लागली नाही हे सांगायला नको. सकाळी तो लवकर निघाला आणि बसऐवजी चालत गेला, म्हणजे वेळ जाईल. चालता चालता त्याने सगळे मार्ग तपासले. सही केली तर ती पडेल. पण ती पडली की लोक विचारतील, भांडं कुणाचं? तार कुणाची? सांगितलं तर आजच. एकूण काय, चौऱ्याऐंशी गेलेच होते. प्रश्न एवढाच होता की ते कुणाच्या हाताने पुसायचे. आणि तरीसुद्धा, सिग्नलपाशी उभा असताना, त्याच्या मनात आलं की वर्षभर तरी काढता येईल. निवृत्ती आठ महिन्यांवर होती. दिवा हिरवा झाला, लोक पुढे गेले, तो उभाच राहिला. मागच्या माणसाने ‘काका, चला’ म्हटलं तेव्हा निघाला.

ती आलेली होती. त्याने लेख टेबलावर ठेवला, शेवटचं पान वर करून. सहीची जागा कोरी होती. मग खिशातून कागदात गुंडाळलेली ग्रॅफाइटची कांडी काढून त्या कोऱ्या जागेवर ठेवली.

‘तार काढ,’ तो म्हणाला. ‘नवं भांडं घे आणि ही लाव.’

तिने कांडीकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. तिला समजायला फार वेळ लागला नाही; हुशार होतीच. आधी तिचे कान लाल झाले, मग सगळा चेहरा पांढरा पडला. ‘पण सर,’ ती म्हणाली, ‘तुमचा आकडा यातच आला होता. याच तारेवर. वहीत आहे, तुमच्या हाताखाली होते तेव्हा बघितलं. म्हणून तर मी... मला वाटलं, सरांनी वापरलीय म्हणजे हिला काही होत नसणार.’

‘हो,’ तो म्हणाला.

‘म्हणजे तुमचा पण?’

‘हो.’

बाहेर कुणीतरी सिलिंडरची गाडी ढकलत नेत होतं. गाडीची खडखड लांब गेली. मग तो म्हणाला, ‘तू दोन वर्षं बरोबर मोजत होतीस. तुझा हात चांगला आहे. हे मी सगळ्यांसमोर सांगीन, आज दुपारी.’ हे वाक्य त्याने वाटेत जुळवलं होतं, आणि त्याला वाटलं होतं की यावर ती रडेल किंवा भांडेल. तिने तसं काही केलं नाही. ती कांडी उचलून उजेडात फिरवून बघत होती. कांडी नवी होती, टोकाला कारखान्याचा कागद अजून तसाच.

‘संपल्यात म्हणाला होतात,’ ती म्हणाली.

यावर काहीही बोलता आलं असतं. काल आल्या. कप्प्यात मागे सापडली. ‘होत्या,’ तो म्हणाला. ‘चार. तुला द्यायच्या नव्हत्या.’

‘मी मोडीन म्हणून?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘तुझा आकडा येईल म्हणून.’

तिने चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा घातला. चार वर्षांपूर्वी पुसला होता तसाच. मग ती उठली, कपाटातून नवं भांडं काढलं आणि आम्ल ओतायला लागली. ‘सर, बारा वाजता काय सांगायचं संचालकांना?’ तिने पाठमोरीच विचारलं.

‘मुरतंय म्हणून सांग,’ तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यांच्या हालचालीवरून ती हसतेय की रडतेय हे त्याला कळलं नाही.

आधी त्याचीच पावडर लावायची असं तिने ठरवलं. चौदा वर्षांपूर्वीची कुपी त्याने आणून दिली. तिने चकतीवर थेंब ठेवला, बोटं थरथरत होती, आणि थेंब बरोबर मध्यावर पडला. ती बोटं नेहमीच थरथरायची आणि थेंब नेहमीच मध्यावर पडायचा. त्याने एवढी वर्षं फक्त बोटं बघितली होती. पडद्यावर रेघ उतरली. चौऱ्याहत्तर. दोघांनी त्याकडे पाहिलं आणि तिने वहीत लिहून घेतलं: तारीख, वेळ, खोलीचं तापमान. मग चकती घासली, धुतली, आणि स्वतःची पावडर लावली. तो तिच्या खुर्चीमागे उभा होता. आपल्याला काय हवंय हे त्याला स्पष्ट माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती, आणि तरी हवंच होतं: हिचेही सत्तरीतच यावेत. दोघं बरोबरच पडू. रेघ सपाट चालत राहिली. त्याच्या रेघेने जिथे मान टाकली होती तिथून ती पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि मग उतरली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. एक्क्याऐंशी. स्वच्छ, लोखंडाचे, कुणाचीही मदत न घेतलेले एक्क्याऐंशी. असा आकडा या इमारतीत कुणीच काढला नव्हता.

‘सर,’ ती म्हणाली.

‘तीन दिवस ठेव,’ तो म्हणाला. ‘चढणार नाही. किती उतरतो ते बघ, तेही लिही.’ आवाज नेहमीचा निघाला याचं त्याला बरं वाटलं. पोटातलं ते गार काहीतरी होतं तिथेच होतं. सगळं सांगून झालं म्हणजे ते जाईल, अशी त्याची समजूत होती. गेलं नव्हतं. फक्त आता त्याला त्याचं नाव घेता येत होतं.

तो बाहेर फळ्यापाशी आला. भट्टीवाला समोरच होता. त्याने तोंड उघडलं, मास्तरांचा चेहरा पाहिला आणि आपल्या हातातलं फडकं मुकाट्याने पुढे केलं. चौदा वर्षांची शाई सहजी निघेना. स्पिरिट आणावं लागलं. कोपरा पुसून झाल्यावर तिथे बाकीच्या फळ्यापेक्षा पांढरा असा एक चौकोन उरला. त्या चौकोनात त्याने तिचा आकडा लिहिला, शून्य, पूर्णांक, एक्क्याऐंशी, आणि पेनला टोपण लावून दोन पावलं मागे सरकला. मग त्याच्या लक्षात आलं की आपला होता त्यापेक्षा आपण हा आकडा बराच बारीक लिहिलाय. भट्टीवाल्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नसतं. त्याने फडकं मागून घेतलं, आकडा पुसला आणि पुन्हा लिहिला.